बिग ब्लाइंड फोल्डच करत नसेल, तेव्हा बटनवरून काय खेळावे?

आमच्या घरगुती नो-लिमिट होल्डेम पोकरच्या टेबलावर सध्या मी एकाच परिस्थितीचा अभ्यास करतो आहे: सगळे फोल्ड करून (पाने टाकून) डाव बटनवर, म्हणजे पहिल्या फेरीनंतर नेहमी शेवटी चाल मिळणाऱ्या जागेवर, माझ्यापर्यंत येतो आणि बिग ब्लाइंडमध्ये (मोठी सक्तीची पैज लावणाऱ्या जागेवर) असा खेळाडू असतो, जो फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडी होणारी पहिली तीन सामाईक पाने, पाहिल्याशिवाय हातातली पाने सोडतच नाही.

ब्लाइंड, म्हणजे स्मॉल आणि बिग ब्लाइंडच्या सक्तीच्या पैजा, 50-100 असताना 250 चा रेज (वाढवलेली पैज) मधल्या 150 चिप्ससाठी असतो. निव्वळ चोरी म्हणून, म्हणजे सगळ्यांच्या फोल्डवर विसंबून ब्लाइंड जिंकण्यासाठी, तो परवडायचा, तर 62.5 टक्के वेळा दोन्ही ब्लाइंडनी फोल्ड करायला हवे, आणि अशा खेळाडूकडून ती अपेक्षाच व्यर्थ आहे. म्हणून राजा-चार किंवा राणी-सात ऑफसूट (वेगवेगळ्या चिन्हांची पाने) मी आता बटनवरूनही सोडून देतो.

चांगल्या पानांवर मात्र रेज 400 पर्यंत नेतो. स्मॉल ब्लाइंडने फोल्ड केल्यावर 250 च्या रेजला कॉल करण्यासाठी (तेवढीच पैज लावून डावात राहण्यासाठी) बिग ब्लाइंडला सुमारे 27 टक्के इक्विटी, म्हणजे डाव जिंकण्याची सरासरी शक्यता, पुरते, 400 च्या रेजला 35 टक्के लागते. पण तो हा हिशेब करतच नाही, आणि आपला फायदा नेमका तिथेच आहे.

एक्का-गुलाम ऑफसूटचे उदाहरण मला फार बोलके वाटते. आपल्या हातात एक एक्का असल्याने उरलेल्या तीन एक्क्यांसह दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या नऊ पानांच्या प्रत्येकी 12, म्हणजे एकूण 108 जोडण्या होतात, तर आपल्यावर मात करणाऱ्या एक्का-राणी आणि एक्का-राजा यांच्या मिळून केवळ 24. जपून खेळणारा त्या 108 पैकी बऱ्याच सोडून देतो. हा सगळ्या घेऊन येतो, आणि एक्का-सहा ऑफसूटसमोर आपली इक्विटी 70 टक्क्यांच्या आसपास असते. याउलट सात-सहा सूटेडसारख्या (एकाच चिन्हाच्या) पानांची किंमत मी कमी धरू लागलो आहे, कारण त्यांचा बराचसा नफा समोरच्याच्या फोल्डमधून येतो आणि फ्लॉपवर फ्लशचा ड्रॉ (एकाच चिन्हाची चार पाने, पाचव्याची वाट) जेमतेम 11 टक्के वेळा मिळतो.

हे सारे फक्त कॉल करणाऱ्या सैल खेळाडूला लागू आहे. तोच वारंवार थ्री-बेट करणारा, म्हणजे आपल्या रेजवर पुन्हा रेज करणारा, असेल, तर रेज पुन्हा लहान करावा आणि एक्का-राणी, दहाची जोडी अशा पानांवर मागे हटू नये, असे माझे मत झाले आहे. स्मॉल ब्लाइंडमधून त्याच्याशी खेळताना फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी पहिली चाल आपल्याला करावी लागते. तिथे किती पाने वगळावीत, याची मांडणी मी आता हाती घेतली आहे.