तुम्ही विचारलंत म्हणून: स्किनरला पाठवलं ते बरं झालं का?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ हातात ठेवता ठेवता तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "स्किनरला पाठवलं ते बरंच झालं, नाही का?" रिंकवर कॉफीच्या रांगेत तोच प्रश्न, आणि कोल्हापूरहून भावाचा फोन आला तरी तोच. दर वेळी काहीतरी अर्धवट बोलून मी विषय बदलते आणि घरी आल्यावर ते मनाला लागून राहतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

ज्यांना संदर्भ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही राहतो एडमंटनला, कॅनडात. इथला आइस हॉकीचा संघ म्हणजे ऑइलर्स. स्टुअर्ट स्किनर त्यांचा गोली, म्हणजे गोलरक्षक, याच गावात जन्मलेला, नऊ भावंडांत सगळ्यांत धाकटा. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं ऑइलर्स स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएल या इथल्या मोठ्या लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत गेले, दोन्ही वेळा फ्लोरिडा पँथर्सकडून हरले आणि दोन्ही वेळा खापर फुटलं ते गोलीच्या डोक्यावर. शेवटी १२ डिसेंबर २०२५ ला त्याला पिट्सबर्गला पाठवलं आणि तिथला गोली ट्रिस्टन जॅरी आणला. वर एक बचावपटू आणि ड्राफ्टमधली (नवे खेळाडू निवडायच्या हक्काची) एक निवडही द्यावी लागली.

मला विचारतात कारण माझी लेक गोली आहे. तेरा वर्षांची आहे, चार वर्षं झाली खेळतेय. त्याआधी माहेरी, कोल्हापुरात, शाहू स्टेडियमवर बाबांच्या मांडीवर बसून मी फुटबॉल बघितलाय. तिथे पेठेचा संघ हरला की रात्री कट्ट्यावर सगळ्यात आधी कुणाचं नाव निघायचं? गोलीचंच. पुढे तीन जणांनी गोल चुकवलेले असायचे, पण ते कुणाच्या लक्षात राहायचं नाही. हजारो मैल दूर येऊनही तेच ऐकते आहे, फक्त भाषा वेगळी.

तर माझं उत्तर असं: नाही, बरं झालं नाही. आणि हे मी तो आपल्या गावचा म्हणून म्हणत नाही.

आधी आकड्याचं बघू, कारण वाद तिथूनच सुरू होतो. गोलीकडे आलेल्या शंभर फटक्यांपैकी त्याने किती अडवले, तो हा आकडा. स्किनरचा २०२२-२३ मध्ये होता ९१.४. तेव्हा तो वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताच्या पुरस्कारासाठी निवडलेल्या अंतिम तिघांत होता. पुढच्या वर्षी ९०.५, त्याच्या पुढच्या वर्षी ८९.६. उतरण आहे, मी नाकारत नाही. पण ती केवढी ते मोजा. एका सामन्यात साधारण अठ्ठावीस फटके येतात असं धरलं, तर चांगल्या आणि वाईट वर्षातला फरक येतो दोन सामन्यांत मिळून एक गोल. फक्त एक. सोफ्यावर बसून हा फरक डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला आठवतो तो एखादा विचित्र गोल, आणि त्यावरून आपण माणूस संपल्याचं ठरवून टाकतो. शिवाय सगळ्या लीगचीच सरासरी खाली आली आहे. २०१४-१५ ला ती ९१.५ होती, २०२४-२५ ला ९० च्या आसपास. हल्ली आक्रमण करणारे आडवा पास देऊन गोलीला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकायला लावतात आणि तो पोचायच्या आत फटका मारतात.

आणि इथे ज्यांचं नाव आजही देवासारखं घेतात त्या ग्रँट फ्युर यांचं काय? त्यांचा ३१ नंबर संघाने कायमचा राखून ठेवलाय. १९८७-८८ मध्ये त्यांना लीगमधल्या सर्वोत्तम गोलीचा व्हेझिना करंडक मिळाला. त्या वर्षीचा त्यांचा आकडा होता ८८.१. स्किनरच्या सगळ्यात वाईट म्हणवल्या जाणाऱ्या वर्षापेक्षाही कमी! काळ वेगळा होता, खेळ मोकळा होता, गोलींचे पॅड लहान होते. मग आकडा काळाबरोबर वाचायचा असतो हे फ्युर यांच्या बाबतीत कळतं, ते स्किनरच्या बाबतीत का कळू नये?

आता बर्फावरचं सांगते, कारण ते मी फार जवळून बघितलंय. शनिवारी सकाळी सव्वासहाला आमच्या लेकीला खेळायला रिंकवरचा बर्फ मिळतो. बाहेर उणे पंचवीस असतं. कपडे बदलायच्या खोलीत रबरी फरशीवर मी गुडघे टेकून तिच्या पॅडचे पट्टे आवळते. वरचा पट्टा सैल ठेवायचा, नाहीतर खाली बसताना पॅड पायाभोवती फिरत नाही. गोली गुडघे आत वळवून बर्फावर बसते आणि दोन्ही पॅड जमिनीलगत बाजूंना पसरतात, त्याला बटरफ्लाय म्हणतात. खालून येणारा पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, असा अडतो. पण खाली बसलेली गोली वरचा कोपरा सोडून देते. नेटच्या अगदी बाजूने, जवळजवळ गोलरेषेवरून फटका येणार असेल तर तिला खांबाला चिकटून एक गुडघा टेकावा लागतो. तिथे अर्धा सेकंद लवकर बसली की खांद्यावरून, कानाजवळून पक आत. प्रेक्षकांना वाटतं, "एवढ्या बाजूने गोल? झोपली होती काय?" ती झोपलेली नव्हती. समोर मधोमध मोकळा उभा असलेला दुसरा खेळाडू तिला दिसला होता आणि पास तिकडे जाईल म्हणून ती आधीच खाली गेली होती.

स्किनरवर झालेले बरेचसे 'फालतू' गोल याच जातीचे आहेत. तो लवकर खाली बसतो, हा त्याचा दोष खराच. पण लवकर का बसतो? पाठीमागे मोकळे खेळाडू सुटत असतील, स्वतःच्याच झोनमध्ये आपले लोक पक गमावत असतील, तर गोली अंदाजावर जगायला लागतो. गोल झाला की रीप्ले थोडा मागून बघा, तीन-चार सेकंद आधीपासून. पक कुणी घालवला ते दिसेल.

२०२५ च्या वसंतातले प्लेऑफ, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्या, आठवतात? लॉस एंजेलिसविरुद्ध पहिले दोन सामने ६-५ आणि ६-२ असे हरलो. स्किनरला बाकावर बसवलं, आपला दुसरा गोली कॅल्विन पिकार्ड आला आणि ओळीने सहा सामने जिंकले. गाव म्हणालं, संपला स्किनर. मग व्हेगासविरुद्ध पिकार्ड दुखावला, स्किनर परत उभा राहिला आणि तिसरा सामना हातचा गेला तो ०.४ सेकंद उरले असताना. फटका होता रायली स्मिथचा, पक आपल्याच ड्रायसायटलच्या स्टिकला लागून आत गेला. त्या रात्री आमच्या घरी कुणी जेवलं नाही. लेक म्हणाली, "आई, आता उद्या तो झोपेल कसा?" पुढच्या दोन सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. ३-० आणि १-०. मालिका जिंकली. डॅलसविरुद्ध पहिला सामना गेला, तर दुसऱ्यात पुन्हा एकही गोल नाही. हे सगळं एका महिन्यातलं आहे. अंतिम फेरीत तो पुन्हा ढासळला, तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यात मधूनच बाहेर काढला गेला. तोच माणूस, तेच पॅड.

म्हणजे खरा प्रश्न "चांगला की वाईट" हा नाहीच. तो वर-खाली होतो, आणि संघाला कपासाठी स्थिर गोली हवा. समोरच्या बाजूचं हे म्हणणं मला पटतं. कॉनर मॅकडेव्हिडसारखा खेळाडू हाताशी असताना किती वर्षं वाट बघायची, हेही खरं आहे. एक वाईट गोल झाला की स्किनरचा दुसरा लगेच व्हायचा, हे मीही बघितलंय. पण मग आणलं कुणाला? जॅरीला. २०२५ च्या जानेवारीत पिट्सबर्गनेच त्याला वेव्हर्सवर टाकून, म्हणजे हवा त्या संघाने घ्यावा म्हणून मोकळा सोडून, खालच्या संघात पाठवलं होतं. २०२१ च्या प्लेऑफमध्ये दुसऱ्या जादा वेळेत त्याचा पक सरळ प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर गेला आणि सामना हरले, तेव्हापासून तिकडचे लोक त्याच्याबद्दल हेच बोलत होते जे आपण स्किनरबद्दल बोलत होतो. तेव्हा स्किनरला वर्षाला २६ लाख डॉलर होते, जॅरीला ५३ लाख ७५ हजार. दुप्पट पैसे देऊन आपण तीच काळजी विकत घेतली. जॅरीबद्दल माझ्या मनात काही नाही. तो तर २०१४ चा मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियर हॉकीचा करंडक, इथल्याच ऑइल किंग्ज संघाकडून जिंकलेला पोरगा आहे. त्याचंही भलं व्हावं.

राहिली भवितव्याची गोष्ट. "स्किनरचं आता काही होत नाही," असं म्हणणाऱ्यांना मी मार्क-आंद्रे फ्लरीचं नाव सांगते, आणि तोही पिट्सबर्गचाच. २००९ चा कप त्याने जिंकून दिला, सातव्या सामन्याच्या शेवटच्या सेकंदाला डेट्रॉइटच्या लिडस्ट्रॉमचा फटका आडवी उडी घेऊन अडवला. तीनच वर्षांनी, २०१२ ला, फिलाडेल्फियाविरुद्ध त्याचा आकडा होता ८३.४. २०१३ ला प्लेऑफच्या मधोमध त्याला बसवलं. तेव्हा पिट्सबर्गच्या लोकांनी त्याला निकालात काढलं होतं. त्या उन्हाळ्यात तो क्रीडा-मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला, नवा गोली-प्रशिक्षक आला, आणि हळूहळू माणूस सावरला. पुढे व्हेगासला गेला, ज्या संघाचं ते पहिलंच वर्ष होतं त्याला अंतिम फेरीत नेलं, २०२१ ला छत्तिसाव्या वर्षी व्हेझिना मिळवला. निवृत्त झाला तेव्हा ५७५ विजय, आजवरच्या सगळ्या गोलींत दुसरा. पाठवला तेव्हा स्किनर सत्तावीस वर्षांचा होता. गोली उशिरा पिकतात. प्रत्येक जण फ्लरी होत नाही, हे मला कळतं. पण फ्लरीलाही कुणीतरी थांबून वेळ दिला होता.

एक गोष्ट अजून. रॉजर्स प्लेसमध्ये, ऑइलर्सच्या घरच्या मैदानात, स्किनरने पक अडवला की अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडायचं, "स्टूऽऽऽ!" लेक पहिल्यांदा आली तेव्हा घाबरली होती. तिला वाटलं लोक 'बूऽऽऽ' करतायत. मी तिला समजावलं, अगं, ते प्रेमाने हाक मारतायत. २०२५ च्या जूनमध्ये, अंतिम फेरीच्या एका रात्री, टीव्हीवर तो आवाज आला आणि तिने मला विचारलं, "आता कुठलं ओरडतायत?" मला खरंच सांगता आलं नाही.

मागच्या शनिवारी तिच्यावर सहा गोल झाले. सहाव्यानंतर काचेपलीकडे कुणाचे तरी वडील मोठ्याने म्हणाले, "गोली बदला." तिला ऐकू गेलं असणार, मास्कमधूनही ऐकू येतं. तिने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, स्टिकने आधी डावा खांब ठोकला, मग उजवा, आणि पुढे सरकून उभी राहिली. पॅडच्या आत, छातीच्या संरक्षकाखाली, तिने अजूनही ऑइलर्सचा तोच ७४ नंबरचा टी-शर्ट घातलेला असतो.