शालजोडीतले

माझ्याकडून नेलेले एक पुस्तक मित्राने तीन वर्षांनी परत केले. मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला होता, आणि बाविसाव्या पानावर, म्हणजे जिथे त्याचे वाचन थांबले असावे तिथे, खूण म्हणून घातलेली एक पिवळी पडलेली पावती तशीच होती. मी त्याला निरोप पाठवला, "इतकी घाई करायला नको होती." लगोलग त्याचे उत्तर आले, "अरे, त्यात काय एवढं! धन्यवाद." हे उत्तर मी चार वेळा वाचले. माझा टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला, की त्याने तो अलगद झेलून माझ्याच पदरात टाकला, याचा उलगडा मला होईना.

समोरासमोर बोलताना ही पंचाईत होत नाही, कारण उपरोधाचे निम्मे काम आवाज आणि भुवया करतात. कागदावर दोन्ही नसतात. म्हणून 1899 साली आल्कांतेर द ब्राम या फ्रेंच कवीने उपरोधासाठी उलट्या प्रश्नचिन्हासारखे एक स्वतंत्र विरामचिन्ह सुचवले होते. ते काही रुळले नाही. पुढे 1982 मध्ये स्कॉट फालमन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने, विनोद कोणता आणि गंभीर विधान कोणते हे संगणकावरच्या मजकुरात ओळखता यावे, म्हणून अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला. तो मात्र जगभर पसरला. सोय झाली हे मान्य, पण चिमटा काढण्याआधी 'आता चिमटा काढतो हं' असे सांगण्यात काय गंमत राहिली?

इंग्रजीतला 'सारकॅझम' हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ मांस ओरबाडणे असा आहे. मराठी या बाबतीत जास्त सभ्य आहे, किंवा जास्त लबाड आहे म्हणा. आपल्याकडे कोपरखळी आहे, चिमटा आहे, टोमणा आहे, खवचटपणा आहे, आणि या सर्वांवर ताण म्हणजे शालजोडीतला आहे. जोडा मारायचाच, पण तो उंची शालीत गुंडाळून मारायचा, म्हणजे खाणाऱ्याला आधी शालीची ऊब जाणवते आणि जोडा घरी गेल्यावर लागतो. व्याजस्तुती हा अलंकार शाळेत पाठ करताना स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा एवढेच लक्षात राहिले होते. तिचा रोजच्या जगण्यात किती उपयोग आहे, हे परीक्षेत कोणी विचारले नाही.

तो उपयोग मला माझ्या मामांनी दाखवला. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते अंथरुणाला खिळले होते आणि आम्ही पाच-सहा जण त्यांच्या भोवती असे चेहरे करून उभे होतो की कोणाला वाटावे, निकाल लागलाच आहे. डॉक्टरांनी येऊन विचारले, "काही तक्रार?" मामा नळ्यांच्या गुंत्यातून शांतपणे म्हणाले, "तक्रार कसली? फक्त हे शरीर चुकून दुसऱ्याचं आलेलं दिसतंय, बदलून मिळतं का बघा." आधी डॉक्टर हसले, मग आम्ही. दुखणे तसूभरही कमी झाले नव्हते, पण इतका वेळ दुखण्याच्या तावडीत असलेल्या मामांनी त्या एका वाक्यापुरते दुखण्यालाच समोर उभे करून त्याची हजेरी घेतली होती.

मनोविश्लेषणाचा जनक मानल्या जाणाऱ्या फ्रॉइडने 1927 साली विनोदावर लिहिलेल्या निबंधाच्या सुरुवातीलाच सोमवारी फाशीसाठी नेला जाणारा एक गुन्हेगार येतो. तो म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर छान झाली! फाशी त्यामुळे टळत नाही, पण ती आपल्याला दीनवाणे करील, हे तो मान्य करत नाही. मामांनी फ्रॉइड वाचला असण्याची शक्यता मुळीच नाही.

हेच हत्यार उलट दिशेने चालवणारेही भेटतात. हाताखालच्या माणसाला चारचौघांत "वा, काय हुशारी!" म्हणणाऱ्या वरिष्ठाला मी विनोदी मानत नाही, कारण समोरच्याला उलट बोलण्याची मुभा नसेल तर त्या शालीत जोड्याखेरीज काहीच उरत नाही. शिवाय उपरोधाची सवय लागली की माणूस सरळ बोलायला लाजू लागतो, हा दोष माझ्यातही आहे. मनापासून केलेले कौतुकही आता लोक संशयाने ऐकतात.

मित्राचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. परवा तो दुसरे पुस्तक मागायला आला. मी ते काढून दिले आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "सावकाश वाच." त्याने बाविसावे पान उघडले, खिशातून एक कोरी पावती काढून तिथे ठेवली आणि म्हणाला, "छे रे, या वेळी इथूनच सुरुवात करतो."