फारच सारखे ठोके

बुधवार, रात्र

सकाळपासून तो आकडा डोक्यातून जात नाहीये. हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार: 19 मिलिसेकंद. मनगटावरच्या घड्याळाने रात्रभर मोजलं आणि उठल्या उठल्या दाखवलं, खाली 'नेहमीपेक्षा कमी' असा शेरा. ठोका चुकतोय म्हणून नव्हे, दोन ठोक्यांमधलं अंतर फारसं बदलतच नाहीये म्हणून.

म्हणजे नियमितपणाही आता दोषातच जमा!

ताईचा 48 आला. ताईचा! जिची आयुष्यात एक गोष्ट वेळेवर झालेली नाही, तिचं हृदय म्हणे झकास. आणि सगळ्यांच्या औषधांच्या वेळा, हप्त्यांच्या तारखा, कुणाला कधी फोन करायचा हे जिच्या डोक्यात असतं, जिला सगळे 'चालतंबोलतं घड्याळ' म्हणतात, तिला हा शेरा. मला राग नक्की कशाचा आलाय तेच कळत नाहीये. आकड्याचा नाही बहुतेक.

दुपारी वाचत बसले. नाडी मिनिटाला 60 म्हणजे दर सेकंदाला एक ठोका, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. एक ठोका 0.94 सेकंदांनी येतो, पुढचा 1.07 ने, त्यापुढचा आणखी कशाने. हृदयातल्या सायनस नोडला, म्हणजे ठोक्याची सुरुवात करणाऱ्या जागेला, एकटं सोडलं तर तो मिनिटाला शंभरच्या आसपास धावतो. व्हेगस नर्व्ह, मेंदूकडून हृदयाला संदेश आणणारी नस, त्याला मागे ओढून धरते. श्वास घेताना ती पकड सैल होते, सोडताना घट्ट. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 मध्ये श्वासाबरोबरचा हा चढउतार नोंदवला होता. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे ते जवळपास एकसारखं चालतं. चांगलं चालतं, वर्षानुवर्षं चालतं. फक्त त्याला कुणी काही कळवत नाही.

हे वाचून उगाच रडू आलं. माझ्या हृदयाच्या नसा शाबूत आहेत, तरीही.

मग 1987 चा क्लायगर यांचा अभ्यास हाती लागला. हार्ट अटॅकमधून वाचलेले 808 रुग्ण. ज्यांच्या चोवीस तासांच्या नोंदीत ठोक्यांचा फरक 50 मिलिसेकंदांच्या खाली, त्यांना मृत्यूचा धोका 100 च्या वर असणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त. माझा 19! पाच मिनिटं हातपाय गार. नंतर कळलं की ते मोजमापच वेगळं, चोवीस तासांचं, आणि तेही हार्ट अटॅकनंतरचं. झोपेतल्या माझ्या आकड्याशी त्याचा मेळ घालायचा नसतो. (हे घड्याळात का लिहीत नाहीत?)

बाबांच्या खाटेजवळच्या मॉनिटरवर शेवटी शेवटी आकडा हलत नव्हता. "स्थिर आहेत," म्हणाले होते, आणि मला किती बरं वाटलं होतं. ते आत्ता नको.

हृदयाच्या या चढउताराला काहीजण केऑस म्हणतात, म्हणजे नियमातूनच उपजणारा गोंधळ. तो यात कुठून आला तेही वाचलं. 1961 मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित पुन्हा चालवताना 0.506127 ऐवजी 0.506 टाकलं आणि काही काळाने दोन हवामानांचा एकमेकांशी संबंध उरला नाही. नियम पक्के, नशिबाचा भाग नाही, तरी पुढचं सांगता येत नाही. ऐंशीच्या दशकात हृदयतज्ज्ञ एरी गोल्डबर्गर म्हणू लागले की निरोगी हृदयही असंच असावं: आलेख मिनिटाचा बघा की तासाचा, तितकाच खडबडीत, आजारात मात्र तो गुळगुळीत होतो, किंवा ठरावीक हेलकावे घेऊ लागतो. मला हे पटलंही, थोडं दुखलंही. मीच गुळगुळीत.

पण गंमत पुढे आहे. 2009 मध्ये 'केऑस' नावाच्याच शास्त्रीय नियतकालिकाने तज्ज्ञांना विचारलं, निरोगी हृदयाची गती खरंच केऑटिक असते का? एकमत झालं नाही! श्वास, नसा, रक्तदाब यांचे धक्के बाहेरून सतत बसत असतात, त्यातलं हृदयाचं स्वतःचं किती हे वेगळं काढणार कसं? इतक्या जाणत्यांचं जमत नाही आणि मी एका आकड्यावर दिवस घालवलाय.

शिवाय मावशी आहेच. तिचं एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे वरचे कप्पे नीट न आकुंचता नुसते थरथरतात तो आजार. तिचे ठोके इतके वेडेवाकडे की हिशोबाने फरक माझ्या कितीतरी पट निघेल, ताईच्याही. घड्याळाने तिला शाबासकीच दिली असती. ती मात्र रक्त पातळ करायच्या गोळ्या घेते.

मघाशी दिवा बंद करून मनगटावर बोट ठेवून बसले होते. सावकाश श्वास सोडत गेलं की पुढचा ठोका किंचित उशिरा येतो. खरंच येतो, बोटाखाली कळतं. बोट तिथेच, आता येईल, आता येईल असं वाटतं, आणि मग तो येतो. श्वास घेतला की पुन्हा घाई. अगदीच काही मी गुळगुळीत नाही. फार नाही, पण उशीर मलाही होतो. 19 तर 19.

हा आकडा माणसामाणसात इतका वेगळा असतो की दोघांचे शेजारी ठेवून काही अर्थ निघत नाही. ज्याचा त्याने आपल्या कालच्याशी ताडून बघायचा. ताईला हे लिहून पाठवणार होते. पण तिने तिचा 48 घरच्या ग्रुपवर टाकलाय, खाली सगळ्यांचे अंगठे. असू दे. तिच्या विम्याचा हप्ता भरायची उद्या शेवटची तारीख आहे, तेवढं कळवलं.