तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवरून गाडीचं दुखणं कळतं कसं?

गाड्या, खेळ आणि थट्टामस्करी एकाच तासात कोंबणाऱ्या फोन-इन कार्यक्रमाबद्दल एक प्रश्न हमखास येतो. ‘बॉनेट न उघडता बिघाड सांगता, म्हणजे सगळं आधी ठरलेलं असतं का? आणि सांगायचंच आहे, तर मध्ये एवढी टिंगल कशाला?’ प्रश्न दोन दिसतात, पण उत्तर एकाच ठिकाणी आहे. निम्मी तपासणी त्या टिंगलीतच होते.

ठरलेलं काय असतं ते आधी सांगून टाकतो. फोन थेट निवेदकांकडे जात नाही, आधी स्क्रीनर, म्हणजे आलेले फोन चाळून घेणारा माणूस, तो उचलतो. निवेदकांच्या पडद्यावर पाच गोष्टी येतात: नाव, मॉडेल, कोणत्या वर्षाची गाडी, किती किलोमीटर पळाली आणि एका ओळीत तक्रार. या ओळीत निदान लिहायचं नाही. ‘गिअरबॉक्स गेलाय’ हे फोन करणाऱ्याला कुणीतरी सांगितलेलं असतं आणि तेच पडद्यावर आलं की निवेदकांचं डोकंही गिअरबॉक्समध्ये अडकतं. त्याऐवजी ‘चढावर, तिसऱ्या गिअरला झटके’ असं लिहिलं की वाट मोकळी राहते. झटके इंधन कमी पडल्याने येतील, इग्निशन कॉइलमुळे येतील किंवा क्लचमुळेही.

ज्यांचं उत्तर एका वाक्यात संपतं असे फोन स्क्रीनरच निकालात काढतो. ‘एसी लावला की गाडीखाली पाणी टपकतं’ हा त्यांतला नेहमीचा. पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर ती एसीवर जमलेली वाफ, काळजी नको. रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट गळतंय. एवढ्यासाठी चार मिनिटं खर्च करत नाहीत.

या प्रकारच्या कार्यक्रमांचा बाप म्हणजे अमेरिकेतला ‘कार टॉक’. टॉम आणि रे मालिओझी या भावांनी तो १९७७ साली बोस्टनच्या डब्ल्यूबीयूआर केंद्रावर सुरू केला, १९८७ पासून एनपीआर या तिथल्या सार्वजनिक रेडिओच्या जाळ्यावरून तो देशभर गेला आणि २०१२ साली नवे भाग थांबले. देशभर जाणारा तो कार्यक्रम थेट प्रक्षेपण नव्हता. लोक निरोप ठेवत, निर्मिती करणारी मंडळी त्यांतले निवडून उलट फोन लावत आणि ध्वनिमुद्रणाला मग कात्री लागे. फोन निवडणं म्हणजे उत्तर पढवणं नव्हे, एवढं मात्र लक्षात घ्या.

आता आवाजाचं. बरेच जण फोन बॉनेटजवळ धरून म्हणतात, ‘ऐका!’ त्यातून काही कळत नाही. साधी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवते, त्यामुळे खालच्या पट्टीतली घरघर वाटेतच गळते. मोबाइलचा पट्टा हल्ली रुंद असतो, पण त्याची दुसरीच खोड. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीचा गोंगाट पुसायचा हे त्याला शिकवलेलं असतं, आणि इंजिन त्याच्या लेखी गोंगाटच. म्हणजे जे ऐकवायचं तेच तो कापतो. म्हणून निवेदक म्हणतात, ‘तोंडाने करून दाखवा.’ ऐकणारे हसतात. पण माणसाच्या तोंडून आलेली घरघर फोन इमानदारीने पोचवतो.

आणि मराठीत अशा शब्दांची चंगळ आहे. करकर म्हटलं की लोखंडावर लोखंड, बहुधा ब्रेक पॅड संपून पट्टी डिस्कला लागलीय. सकाळी सेल्फ मारल्यावर कुईंऽऽ आणि इंजिन गरम झालं की गप्प, तर इंजिनचा पट्टा (बेल्ट) सरकतोय. हँडल पूर्ण कापून वळताना टक-टक-टक येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा सांधा. त्याचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं, आत माती शिरते आणि सांध्यातल्या लोखंडी गोळ्या झिजायला लागतात. खड्ड्यात खडखड म्हणजे सस्पेन्शनची लिंक किंवा बुश. एकच खणखणीत ‘टक’ येऊन गाडी चालूच होत नसेल तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग किंवा खुद्द स्टार्टर. भराभर टकटकटक आलं तर बॅटरी उतरलीय. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी.

विनोद कामाला कसा येतो, ते एका नमुन्याच्या फोनवरून दिसेल.

‘गाडीतून आवाज येतो हो.’
‘कसला?’
‘विमानासारखा.’
‘विमान उतरतंय की उडतंय?’
‘म्हणजे?’
‘वेग वाढवला की आवाज चढतो का?’
‘हो, हो! साठच्या पुढे सुरू होतो, ऐंशीला तर रेडिओसुद्धा ऐकू येत नाही.’
‘तुमचं नशीब, आमचा कार्यक्रम टळतो. बरं ताई, त्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्लच दाबला तर?’
‘तरी येतो.’

इथे इंजिन संशयातून सुटलं. क्लच दाबून इंजिनचे फेरे खाली आले तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच राहत असेल, तर तो चाकांकडचा. (त्यासाठी चालत्या गाडीची चावी बंद करू नका. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत जाते आणि चावी फार फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.) पुढचा प्रश्न रस्त्याचा: नव्या गुळगुळीत डांबरावर आवाज बदलतो का? बदलत असेल तर संशय टायरवर. खालीवर झिजलेलं टायर अगदी बेअरिंगसारखं घुमतं. तेव्हा पुढचे टायर मागे टाकून बघायचे, आवाजही मागे गेला तर बेअरिंग निर्दोष. रस्त्याने फरक पडत नसेल तर वळणाची चाचणी. डावीकडच्या लांबलचक वळणावर वजन उजव्या चाकांवर जातं. तिथे घरघर वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग, उजव्या वळणावर वाढली तर डावं. गॅरेजमध्ये खात्री करताना गाडी उचलून चाक हाताने फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायची. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक थरथर लागते. कानापेक्षा बोटं जास्त खरी बोलतात.

‘उतरतंय की उडतंय’ हा विनोद होता, पण आवाज कशाबरोबर चढतो हा प्रश्न त्याच्याच पोटात होता. लोक बिघाडापेक्षा लाजेने जास्त अडतात. ऑइल शेवटचं कधी बदललं, गाडी दगडावर आपटली का, हे सरळ विचारलं तर उत्तर गुळमुळीत येतं. ‘ऑइल बदललं तेव्हा डायनोसॉर होते का?’ असं विचारलं की समोरचा हसतो आणि खरं सांगतो. शिवाय एक निवेदक कोटी करतो तेवढ्या दहा-पंधरा सेकंदांत दुसरा विचार करून घेतो. म्हणून असे कार्यक्रम एकट्याने चालवणं अवघड.

कोटीची वेळ मात्र तांत्रिक बाब आहे. स्टुडिओतून फोन करणाऱ्याला जो आवाज जातो त्याला मिक्स-मायनस म्हणतात: सगळ्यांचे आवाज, त्याचा स्वतःचा सोडून. हे चुकलं की त्याला आपलाच आवाज उशिराने ऐकू येतो आणि माणूस बोलताबोलता अडखळतो. नीट असलं तरी बरीच हायब्रिड यंत्रं (फोनची लाइन स्टुडिओला जोडणारी) निवेदक बोलायला लागले की फोनचा आवाज आपोआप खाली ओढतात. निवेदक मध्येच हसले की फोनवरचा शब्द गिळला जातो, आणि गिळला गेलेला शब्द नेमका ‘ब्रेक’ असतो. त्यामुळे शिस्त अशी की वाक्य पुरं होऊ द्यायचं, मग हसायचं. पट्टीचे निवेदक हात वर करून एकमेकांना थांबवतात, तोंडाने नाही.

खेळ यात कुठून आला? सरळ कारण म्हणजे तासभर नुसतं इंजिन कुणी ऐकत नाही. आतलं कारण असं की खेळाच्या फोनला निदान लागतच नाही. त्या माणसाला उत्तर नको असतं, कर्णधार बदलायला हवा हे कुणाला तरी ऐकवायचं असतं. गाडीच्या फोनला चार ते सहा मिनिटं लागतात, खेळाच्या फोनला दोन पुरे. तिसऱ्या मिनिटाला तो त्याच मुद्द्यावर परत येतो. दोन जड फोनांच्या मध्ये असा एक टाकला की तासाला श्वास मिळतो. दोन्हींचा सांधा जुळला तर उत्तमच. २०२३ च्या कतार ग्रांप्री या फॉर्म्युला वन शर्यतीत मॅक्लारेन संघाने चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली, हे सांगितलं की पुढचा फोन ‘माझं एक चाक बदलायला अर्धा तास का लागतो’ असा येतो आणि त्यातून कामाची गोष्ट निघते. तिथे चाकाला मधोमध एकच नट असतो, तुमच्याकडे चार-पाच. ते जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे आणि बसवताना समोरासमोरचे आलटून-पालटून आवळायचे.

ध्वनिमुद्रित भागात खेळ हा फसवा माल आहे. ‘कालच्या सामन्यात’ म्हटलं आणि भाग तीन दिवसांनी वाजला की घोळ. म्हणून ‘काल’ आणि ‘उद्या’ हे शब्द बंद, वाराचं नाव घ्यायचं. आणि निकालावरची बडबड वेगळ्या तुकड्यात ठेवायची, म्हणजे ऐन वेळी तेवढीच उचलून टाकता येते.

मस्करी बंद पडते ती काही ठरावीक शब्दांना. ब्रेक पेडल खाली जातं, स्टिअरिंग ढिलं वाटतं, केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. दिवा नुसता लागला असेल तर लवकर गॅरेजमध्ये बिघाडाचा कोड वाचून घ्या. लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतंय, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतोय. वेग कमी करा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. इथे कोटी करणारा निवेदक कितीही हजरजबाबी असो, बदलावा.

उत्तरं चुकतात का? चुकतात. फोनवर जे सांगितलं जातं तो अंदाज असतो, म्हणून ‘हे बदला’ न म्हणता ‘हे आधी तपासून घ्या’ म्हणायचं आणि स्वस्त तपासणी आधी सांगायची. ‘कार टॉक’मध्ये जुन्या फोनवाल्यांना पुन्हा बोलावून निदान बरोबर निघालं का हे सगळ्यांसमोर विचारणारं एक सदरच होतं. पचवायला कठीण, पण त्याशिवाय बाकी बडबडीला किंमत नाही.

तुम्ही फोन लावणार असाल तर नमनाला घडाभर तेल नको. आवाज इंजिन थंड असताना येतो की गरम असताना, कोणत्या वेगाला, सरळ जाताना की वळताना, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, आणि त्याच्या आधी गाडीचं कोणतं काम झालं होतं, एवढं कागदावर लिहून ठेवा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक सगळ्यात उशिरा देतात आणि बिघाड बऱ्याचदा तिथेच असतो. गाडी बाजूला उभी करून बोला. आणि घरातला रेडिओ बंद करा. थेट कार्यक्रमात कुणी शिवी दिली तर ती कापता यावी म्हणून प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवलेलं असतं. रेडिओवर तुम्हाला मघाचा प्रश्न ऐकू येईल आणि तुम्ही त्याचंच उत्तर पुन्हा द्याल.