चौथ्या बॅटरीची वायर

इन्व्हर्टर रात्री नऊलाच बंद पडतो, एवढीच तक्रार आली होती. धडगाव तालुक्यातली आश्रमशाळा, सातपुड्यातल्या एका पाड्याला लागून. विजेचे खांब तोवर तिथे पोचले नव्हते. छतावर पॅनल आणि खाली खोलीत १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-अवर क्षमतेच्या चार ट्यूब्युलर (पाणी घालायच्या, लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून केलेला ४८ व्होल्टचा संच. बसवला तेव्हा मुलींच्या वसतिगृहातले दिवे पहाटेपर्यंत चालायचे. आता अभ्यासाच्या वेळीच अंधार होत होता, आणि बॅटऱ्या संपल्या, नवा संच द्यावा, असा अर्ज अधीक्षिका मॅडमनी लिहून तयार ठेवला होता.

मी सकाळी, पॅनलवर ऊन यायच्या आत खोली उघडली. इन्व्हर्टरचा डिस्प्ले ४९ व्होल्ट दाखवत होता. आकडा पाहून कुणीही म्हणेल, ठीक आहे. पण तो चौघींची बेरीज दाखवतो, एकीचीही तब्येत सांगत नाही. मीटर काढला आणि एकेक बॅटरी मोजली. १२.५, १२.५, १२.४ आणि चौथी ११.६.

कामाठी भाऊ शेजारी उभे होते. बॅटऱ्यांची देखभाल तेच करायचे, आणि मनापासून करायचे. टर्मिनल स्वच्छ, व्हॅसलीन लावलेलं, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कोपऱ्यात झाकून ठेवलेला. ते म्हणाले, "साहेब, या तीन बॅटऱ्या फार पाणी पितात, त्याच खराब असतील. ही चौथी चांगली आहे. तिला पाणी लागतच नाही."

मी हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायची नळी, चौथीत घातला. १.११० च्या आसपास. पूर्ण चार्ज झालेल्या ट्यूब्युलरमध्ये १.२४० हवं. ती जवळजवळ रिकामी होती, म्हणून तिच्यात बुडबुडे उठत नव्हते, म्हणून पाणी लागत नव्हतं. दुपारी चार्जिंग जोरात असताना पुन्हा मोजलं तेव्हा चित्र पूर्ण झालं. पॅनलवरून बॅटऱ्यांचं चार्जिंग सांभाळणाऱ्या चार्ज कंट्रोलरने बरोबर ५७.६ व्होल्ट धरले होते, म्हणजे प्रत्येकीला १४.४ यायला हवे होते. प्रत्यक्षात तिघींवर १४.८, १४.९, १४.८ आणि चौथीवर १३.१. तिघी जास्त चार्ज होऊन पाणी उकळवत होत्या, चौथी उपाशी होती, आणि कंट्रोलरच्या हिशेबात सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं.

कारण मात्र सकाळीच सापडलं होतं. चौथ्या बॅटरीच्या दोन टर्मिनलवरून एक बारीक वायर निघून खिडकीतून मागे गेली होती, ती धरत गेलो तर मुलींच्या संडासापाशी पोचलो. तिथे १२ व्होल्टचा ९ वॅटचा बल्ब, पावसापासून वाचवायला प्लास्टिकच्या बाटलीत बसवलेला.

"पोरी रात्री अंधारात जायच्या, साहेब," कामाठी भाऊ म्हणाले. "पावसाळ्यात तिकडे साप निघतात. इन्व्हर्टर एकदा बंद पडला होता, तेव्हा मी हा लावून दिला."

त्यांना काय बोलणार? तो बल्ब त्या शाळेतला सर्वांत गरजेचा दिवा होता. संच मंजूर करणाऱ्यांनी तो आधीच धरायला हवा होता, हे माझं स्पष्ट मत आहे. वसतिगृहाच्या खोल्या मोजल्या जातात, संडासापर्यंतची वाट कुणी मोजत नाही.

त्या बल्बने रात्रभरात चौथीतून साधारण आठ अँपिअर-अवर जायचे. सिरीजमध्ये चौघींतून करंट सारखाच जातो. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढलं, पण एकाच्या ताटातून रोज कुणी दोन घास उचलले, आणि बाकीच्यांची पोटं भरली की वाढप्याने हात आखडता घेतला, तर होईल तसं होत होतं. रोजची तूट साठत गेली. संध्याकाळी लोड आला की चौथीचे व्होल्ट सात-आठपर्यंत कोसळायचे, बेरीज ४४ खाली जायची आणि इन्व्हर्टर बंद. बाकी तिघींत अजून भरपूर शिल्लक असायचं. मग अंधार, मग तो बल्ब आणखी गरजेचा.

बोअरच्या मोटरीसाठी ठेवलेला डिझेल जनरेटर होता. चौथी बॅटरी संचातून सोडवली आणि त्या जनरेटरवर १५ अँपिअरच्या चार्जरने एकटीच चार्ज करत ठेवली. त्या संध्याकाळी वसतिगृहात कंदील लागले. रात्री उशिरा तिच्यातून बुडबुडे उठू लागले, तेव्हा मला खूप बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती परत जोडून सगळ्या संचाला इक्वलायझेशन दिलं, म्हणजे मागे पडलेले सेल बाकीच्यांच्या बरोबरीला यावेत म्हणून मुद्दाम जास्त व्होल्टवर चार्ज केलं. इन्व्हर्टर बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि बिडी-काडीला सक्त मनाई, कारण या वेळी हायड्रोजन बराच निघतो. ६२ व्होल्टवर काही तास. दर तासाला प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे बॅटरीतल्या प्रत्येक कप्प्यात, हायड्रोमीटर. आकडे वाढायचे थांबले की थांबायचं. नववीच्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या, त्यांना वाचायला दिलं. ट्यूब डोळ्यांच्या रेषेत धरायची, हे एकदाच सांगावं लागलं. शेवटी पाणी भरून पाहिलं तेव्हा तिघी १.२४० वर आल्या, चौथी १.२१५ वर, तिचे दोन सेल १.२०० च्या पुढे गेलेच नाहीत. प्लेटांवर बसलेलं सल्फेट सगळं निघत नाही.

मॅडमनी विचारलं, तेवढी एकच बदलू का? मी नको म्हटलं. जुन्या तिघींत नवी घातली की पुन्हा चौघींचा मेळ बिघडतो. ही चालेल तेवढी चालवा, फक्त लक्ष ठेवा. त्यांनी लिथियमचंही विचारलं, त्यात बॅलन्सिंग आपोआप होतं म्हणतात. होतं, पण त्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, सेलमधला थोडाथोडका फरक मिटवतो. मधूनच काढलेली वायर त्यालाही झेपत नाही. एक सेल तळाला गेला की तो अख्खा संच बंद करतो.

वायर मी काढली, बल्ब ठेवला. गाडीत ४८ चे १२ व्होल्ट करणारा दहा अँपिअरचा कन्व्हर्टर होता, तो संचाच्या दोन टोकांवर फ्यूज घालून जोडला. आता एकीतून आठ जाण्याऐवजी चौघींतून दोन-दोन अँपिअर-अवर जातात. वहीत चार रकाने आखून दिले, दर सोमवारी ऊन यायच्या आत चार आकडे लिहायचे. ते काम त्या दोन मुलींनी मागून घेतलं.

निघताना मॅडमनी विचारलं, यावर स्वयंपाकघराच्या वाटेवर अजून एक बल्ब चालेल का. दोन चालतील, म्हणालो, आणि वायर टाकायला कामाठी भाऊंबरोबर परत मागे गेलो.