प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि उद्यमनगर

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममधल्या एका ज्युनिअर पोरीचा मेसेज आला, ‘ताई, तुमचं स्पॉन्सरशिपचं पीपीटी पाठवता का?’ लगेच पाठवलं. त्या पीपीटीनं आम्हाला एक रुपयाही मिळवून दिला नव्हता, एवढं सांगायचं मात्र राहिलं. म्हणून हे लिहितेय.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करून बांधलेल्या, एका सीटच्या, उघड्या चाकांच्या रेसिंग कारची स्पर्धा. ही स्पर्धा १९८१ साली अमेरिकेत टेक्सासला सुरू झाली. आपल्याकडे फॉर्म्युला भारत जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पण हवा आत जायची ती २० मिलिमीटरच्या भोकातूनच. आम्ही अपघातात गेलेल्या एका केटीएम ३९०चं ३७३ सीसीचं इंजिन बसवलं होतं. नवीन परवडत नाही, आणि अपघाती गाड्यांची कोल्हापुरात कमी नाही.

खर्चाचा अंदाज नऊ लाख. त्यातले दोन लाख कॉलेज देणार आणि प्रत्येक मेंबरनं घरून पाच हजार आणायचे. मेंबर चोवीस. उरलेलं आणायचं काम माझ्याकडे आलं. मला वेल्डिंग जमत नव्हतं आणि बोलता येतं असा समज होता.

पीपीटीत जे सगळे टाकतात तेच आम्हीही टाकलं. पहिल्या स्लाइडवर ट्रॅकवरच्या गाडीचा फोटो, तोही दुसऱ्याच टीमचा. मग प्लॅटिनम दोन लाख, गोल्ड एक लाख, सिल्व्हर पन्नास हजार. प्लॅटिनमवाल्याचा लोगो नाकावर, सिल्व्हरवाल्याचा कुठंतरी मागच्या चाकाजवळ, जिथं चिखल उडतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर मी १८६ मेल पाठवले. एक्सेलमध्ये उत्तर आलं की हिरवा, नकार आला की लाल, काहीच नाही तर पिवळा. शीट हळदीला बसल्यासारखी दिसत होती.

एका मोठ्या कंपनीनं मात्र भेटायला बोलावलं. मी आणि टीम कॅप्टन, दोघंही इस्त्रीचे शर्ट घालून. समोरच्या मॅडमनी शांतपणे सगळं बघितलं आणि सातव्या स्लाइडवर थांबल्या. तिथं आम्ही लिहिलं होतं, ‘आपल्या सीएसआर निधीतून मदत करा आणि गाडीवर ब्रँडची जाहिरात मिळवा.’

‘हे वाक्य कुणी लिहिलं?’

मी हात वर केला. वर्गात करतात तसा.

मग त्यांनी जे समजावलं ते आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. २०१३च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हाच तो सीएसआर. पण स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप त्यात धरता येत नाही. २०२१ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून तर हे नियमांत स्वच्छ लिहिलंय. म्हणजे लोगो लावला की तो पैसा मार्केटिंगचा, आणि मार्केटिंगचं बजेट पुण्याच्या ऑफिसात. आम्ही एकाच वाक्यात दान आणि जाहिरात दोन्ही मागितलं होतं, आणि त्यामुळेच दोन्ही दारं बंद. मॅडमनी चहा पाजला, पैसे नाही दिले. आजही मला वाटतं, त्या वर्षी आम्हाला मिळालेली सगळ्यात मोठी मदत तीच होती.

नोव्हेंबरात अपराइटचं मशिनिंग अडलं. चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं आणि सस्पेन्शनचे दांडे ज्याला जोडतात तो हा भाग. अ‍ॅल्युमिनियमचे चार ठोकळे आणून ठेवलेले, पण व्हीएमसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनचा, दर तासाला सातशे. एका नगाला सेटिंग धरून नऊ तास, चार नगांचे पंचवीस हजार. कॅप्टन म्हणाला, उद्यमनगरात फिरून ये, कुणीतरी पाचेक हजार सोडेल.

उद्यमनगर बाहेरच्यांना माहीत नसतं. कोल्हापूर शहराच्या मधोमध लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगची दाटी. एका गाळ्यात गिअर, दुसऱ्यात ऑइल इंजिनाचे पार्ट, तिसऱ्यात काय चाललंय ते विचारल्याशिवाय कळत नाही. नवव्या की दहाव्या शॉपमध्ये मालक स्वतः मशिनवर होते. साठीच्या आसपास, चष्मा कपाळावर. मी पीपीटीची प्रिंट पुढे केली. त्यांनी ती उलटी करून त्यावर चहाचा कप ठेवला.

‘ड्रॉइंग हाय का?’

होतं. चष्मा खाली आला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘नकल हाय व्हय हे?’

‘हो, अपराइटच. रेसिंग कारचं.’

‘सगळीकडं दहा मायक्रॉन? विमान करताय काय गं?’

मी गप्प. ड्रॉइंग माझं नव्हतं, पण त्या क्षणी टीमच्या वतीनं लाज मलाच वाटायची होती.

‘बेअरिंग कुठं बसतंय तेवढं दाखव.’

मी बोट ठेवलं.

‘मग हे नीट पाहिजे. आणि ह्यो फेस. बाकी हवेतच हाय की.’ खिशातलं पेन काढून त्यांनी भराभरा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते आकडे, खोडले. एका कोपऱ्याला गोल केला. ‘हितं त्रिज्या वाढवा, न्हाईतर तडकंल. बारकं टूल घालायला लागतंय ते बी वाचंल.’ पाच मिनिटांत नऊ तासांचं काम सहा तासांवर आलं. पैशांचं मी अजून काढलंच नव्हतं.

मग काढलं. म्हणजे काढायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच, ‘काका, पैसे नकोत, मशिन द्या.’ ठरवून नव्हते बोलले. (खरं तर ‘नव्हतो बोललो’. आम्ही कोल्हापूरच्या पोरी बोलताना ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतो. लिहिताना शाळा आठवते.)

ते म्हणाले, दिवसा मशिन मोकळं नाही. रात्री बारानंतर एक थांबतं. मटेरियल तुमचं, टूल तुटलं तर टूल तुमचं, आणि एक पोरगं हितं जागं पाहिजे. चार रात्रींत चार नग झाले. एक एन्डमिल तुटला, तो आम्ही भरून दिला.

त्या आठवड्यात प्लॅटिनम-गोल्ड काढून टाकलं आणि नवी यादी केली. ‘चेसिसचं टिग वेल्डिंग, तीन दिवस.’ ‘दीड मिलिमीटर पत्र्याचं लेझर कटिंग, दोन शीट.’ ‘पावडर कोटिंग, एक फ्रेम, काळा.’ प्रत्येक ओळीपुढं ड्रॉइंग नंबर आणि तारीख. ज्याचं जे काम त्याच्याकडं तेवढीच ओळ घेऊन जायचं. वीस हजार मागितले की माणूस आधी खिशाकडं आणि मग घड्याळाकडं बघतो. पण दोन शीट कापून मागितली की तो पत्र्याची जाडी विचारतो. जाडी विचारली की काम झालंच म्हणून समजा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतूनही अशीच कामं मिळाली. हिशेब केला तर सव्वादोन लाखांचं काम एकही चेक न फाटता झालं होतं.

तरी काही गोष्टींना रोखच लागते. एन्ट्री फी, बाहेरून मागवलेले टायर, त्यावरची कस्टम ड्युटी. ते पैसे जुन्या विद्यार्थ्यांकडून आले, बरेचसे कॅप्टनच्या फोनमुळे. इथं एक सांगून ठेवते. चेक कॉलेजच्या खात्यावर घ्यायचा असेल तर दिवाळीच्या आत घ्या. आमचे पन्नास हजार आत गेले ते बाहेर यायला तीन कोटेशन, दोन सह्या आणि अकरा आठवडे लागले. तोपर्यंत टायरचे पैसे एका मेंबरच्या आत्यानं दिले होते.

गाडी कोइमतूरला न्यायचा प्रश्न डिसेंबरात उरला. हजार किलोमीटरच्या आसपास, टेम्पोवाला पंचेचाळीस हजार सांगत होता. माझ्या बाबांच्या ओळखीचे एक पंपांचे डीलर आहेत. त्यांच्याकडं कोइमतूरहून शेतीपंप येतात, आणि पंप उतरवून ट्रक परतीच्या भाड्यासाठी एक-दोन दिवस थांबतो. डिझेलचे अर्धे आणि ड्रायव्हरचं जेवण, एवढ्यावर ठरलं. गाडी ताडपत्रीखाली, कांद्याच्या पोत्यांशेजारी गेली. पोहोचली तेव्हा सीटवर साली होत्या.

स्पर्धेत बिझनेस प्लॅनचे ७५ गुण असतात. परीक्षक गुंतवणूकदार होऊन बसतात आणि तुम्ही गाडी विकायची. तिथं मी उद्यमनगरची यादी दाखवली नाही, तसा धीर झाला नाही. छान ग्राफ दाखवले, मध्यम गुण मिळाले. एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, २२ किलोमीटरची. अर्ध्यावर ड्रायव्हर बदलायचा, आणि त्यानंतर आमचं तापलेलं इंजिन परत सुरूच झालं नाही. त्यावर वेगळं लिहीन, किंवा नाही लिहिणार.

परत आल्यावर काकांना फोन केला. गाडीवर त्यांच्या शॉपच्या लोगोचा स्टिकर मोठा केला होता, तो कसा दिसतो ते बघायला बोलवावं म्हणून. ते म्हणाले, लोगो राहू दे, गाडी शॉपवर आण, रात्रपाळीच्या पोरांना बघायचीय.

रविवारी गाडी उद्यमनगरात ढकलत नेली. सायलेन्सरवर सगळ्यांनी हात फिरवला, दोघांनी सीटवर बसून फोटो काढले. नग ज्यानं काढले होते तो ऑपरेटर मात्र पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसून रिमच्या फटीतून आत बघत होता. काही दिसत नव्हतं, अपराइट रिमच्या पोटात झाकलेला.

‘चाक काढा बघू,’ तो म्हणाला.

जॅक आणला, नट सोडला, चाक बाजूला ठेवलं. त्यानं कापडानं धूळ पुसली, काकांनी वाढवलेल्या त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि मालकांना हाक मारली.