चेतन चौहानच्या ९७ धावा

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी जेवणं झाल्यावर भाच्याशी वाद झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. भरपूर कसोटी खेळूनही सुमारच राहिलेले फलंदाज कोण, असा विषय निघाला होता. निकष त्यानेच ठरवला: निदान ३५ कसोटी आणि सरासरी ३२ च्या आत. पहिलं नाव आलं बांगलादेशच्या मोहम्मद अश्रफुलचं. ६१ कसोटी, २७३७ धावा, सरासरी २४. मग इंग्लंडचा मार्क रामप्रकाश, ५२ कसोटी आणि सरासरी जेमतेम २७. इथपर्यंत मी मान डोलावत होतो. मग तो म्हणाला, "मामा, आपल्यातला म्हणशील तर सलामीवीर चेतन चौहान. ४० कसोटी आणि एकही शतक नाही."

माझा आवाज चढला. ताई आतून बाहेर आली आणि विषय तिथेच थांबला. पण मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून आता लिहितोय.

आकडे भाच्याचेच बरोबर आहेत. २०८४ धावा, सरासरी ३१.५७, सर्वोच्च ९७. कसोटीत दोन हजारांच्या वर धावा करून एकही शतक न करता निवृत्त झालेला तो पहिला फलंदाज. पण चेतन आमच्याकडे आकड्यांतून आला नव्हता. वडिलांच्या बदलीमुळे तो पुण्यात आला, वाडिया कॉलेजात शिकला, कमल भांडारकरांच्या हाताखाली तयार झाला. १९७२-७३ च्या रणजी मोसमात महाराष्ट्राकडून त्याने ८७३ धावा केल्या. विदर्भाविरुद्ध मधू गुप्तेंबरोबर ४०५ धावांची सलामी दिली. बाबांनी त्याला पुण्यात खेळताना पाहिलं होतं. तो दिल्लीकडून खेळायला लागला तरी बाबांच्या तोंडी "आपला चेतन" हेच राहिलं.

बाबांची एक वही माझ्याकडे आहे. रेडिओवर ऐकलेले धावफलक त्यांनी पेन्सिलने त्यात उतरवलेत. संध्याकाळी ती काढली. १९७९, ओव्हल, इंग्लंडविरुद्ध. जिंकायला ४३८ हवेत. सुनील गावस्कर २२१, चेतन ८०, सलामीची भागीदारी २१३. मर्चंट आणि मुश्ताक अलींची १९३६ ची २०३ ची भागीदारी त्या दिवशी मागे पडली. बाबांनी २१३ खाली दोन रेघा मारल्यात. शेवटी ८ बाद ४२९, विजय नऊ धावांनी हुकला. लाहोर, १९७८: सुनील ९७, चेतन ९३, सलामी १९२. दोघांनी मिळून तीन हजारांवर धावांच्या सलामी दिल्या, त्यांत दहा शतकी.

"त्या भागीदाऱ्या सुनीलच्या जिवावर," असं भाचा म्हणाला होता. या एका वाक्याला मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, आणि तेच सलत होतं. वहीत ते उत्तर आहे. १९८०-८१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. तीन कसोटींत सुनीलच्या धावा ११८. चेतनच्या २४९. तेही ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिली समोर असताना! अ‍ॅडलेडला ९७ वर तो लिलीच्याच चेंडूवर मार्शकडे झेल देऊन गेला, आणि दुसऱ्या डावात आपण ८ बाद १३५ असे कसेबसे तगून ती कसोटी वाचवली. मेलबर्नला सुनीलला पायचीत दिलं, तो भडकला आणि चेतनलाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाला. व्यवस्थापक दुराणींनी सीमारेषेपाशी येऊन चेतनला परत पाठवलं. तेव्हा सलामीच्या १६५ लागल्या होत्या. चेतनने ८५ केल्या. मग कपिलने पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ त गारद झाली आणि मालिका १-१ अशी सुटली. त्यानंतर न्यूझीलंडचा दौरा झाला आणि चेतनची कसोटी कारकीर्द संपली.

एक मात्र मान्य करतो. सलामीवीराने पुन्हा पुन्हा ऐंशी ओलांडून शंभरच्या आत बाद व्हायचं, यात संघाचंही नुकसान होतंच. ८८, ९३, ९७ हे आकडे एका ओळीत वाचताना मलाही घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. पण नवा चेंडू जुना करून द्यायचं काम ज्याला दिलं होतं, ते त्याने केलं. त्यामुळे विश्वनाथ, वेंगसरकर खेळायला येत तेव्हा चेंडूची लकाकी गेलेली असे. सरासरी काढताना हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता वाटतं, अश्रफुलच्या नावाला मान डोलावली तेही चुकलंच. सतरा वर्षांच्या त्या पोराने २००१ साली कोलंबोत, मुरलीधरनसमोर, पदार्पणातच ११४ केल्या. बांगलादेशने पहिली कसोटी खेळून वर्षही झालं नव्हतं. त्याला वगळून खेळवायचं तरी कुणाला? बाहेर कोण बसलं होतं, हे न विचारता आत खेळणाऱ्याला सुमार ठरवता येत नाही. रामप्रकाशचं वेगळं. प्रथम श्रेणीत ११४ शतकं करणारा माणूस कसोटीत एवढा का आखडला, ते मला कधीच उमगलं नाही.

मघाशी भाच्याला निरोप टाकला: "तुझ्याच निकषात अजित वाडेकर बसतात. ३७ कसोटी, सरासरी ३१, शतक एकच. त्यांना सुमार म्हणशील?" बराच वेळ उत्तर नाही. मग आलं: "नाही. १९७१ च्या वेस्ट इंडिज-इंग्लंडमधल्या मालिकाविजयांमुळे नाही म्हणणार. पण मग अंशुमन गायकवाड? ४० कसोटी, सरासरी ३०."

किंग्स्टन, १९७६. वेस्ट इंडिजच्या होल्डिंगचा चेंडू कानावर बसला, ८१ वर असताना अंशुमनला रुग्णालयात न्यावं लागलं. हे भाच्याला ठाऊक नसावं. वही टेबलावर काढून ठेवली आहे. उद्या संध्याकाळी त्याला घरी बोलावलंय.